चिकटवलेला कागद

द्वारका चौकातून सातपूरला जाणाऱ्या सिटी बसमध्ये त्या बाई रोज दिसतात. अमेरिकी अभ्यासक्रमाच्या एका बड्या शाळेत त्या पाचवीच्या मुलांना अमेरिकेचा इतिहास शिकवतात. गर्दीत धक्का लागला की आधी काखेतला गुंडाळलेला तक्ता सावरतात, मग पदर.

काल त्यांनी तो तक्ता तणतणत माझ्यासमोर उलगडला. गुलामांच्या लिलावाच्या चित्रावर शाळेने कोरा कागद चिकटवला होता.

"मी देवळ्याची, दादा. कांद्याचे लिलाव बघत वाढले. मुलांना एवढंच सांगितलं, व्यापारी कांदा दाबून बघतो ना, तसं तिथे माणसाला दाबून बघायचे." बोलता बोलता त्यांनी स्वतःचाच दंड जोरात दाबला. "लगेच पालक भांडायला आले. म्हणे, मुलं लहान आहेत, रात्री झोपत नाहीत!"

माझंही डोकं फिरलं. फी घेताना अमेरिका मिरवायची आणि शिकवताना झाकायची, ही कुठली शाळा?

बाई नखाने त्या कागदाची कड खरवडू लागल्या.

"लिलावात उभी केलेली पोरंही एवढीच होती, दादा. त्यांच्या झोपेचं कुणी विचारलं?"