लाल कापडाची माळ

आमच्याकडे पांढरा कांदा निघाला की आई आधी बियाण्याचा कांदा बाजूला काढते. बारीक मानेचा, गोल, एकसारखा. त्याची माळ विणून, तिला जुन्या लुगड्याचं लाल कापड बांधून ती पडवीत वाशाला टांगते. दिवाळीनंतर तेच कांदे लावायचे, मग त्यांना फुलं येऊन बी धरतं. लग्न होऊन आली तेव्हा सासूने दिलेलं हे बियाणं तिने कधी तुटू दिलं नाही. उभ्या जन्मात कोणाकडे बी मागितलं नाही, याचा तिला अभिमान होता.

मी नवी मुंबईतल्या एका कंपनीचं काम घरूनच करतो. वर कांदा विकायला फोनवर ग्रुप काढला. त्या मे महिन्यात एकदा कानात मीटिंग, मांडीवर लॅपटॉप, हातात फोन, आणि मुंबईच्या एका बाईंनी मागवलेल्या माळा मांडव्याच्या धक्क्यावर बोटीला पोचवायची घाई. आई विहिरीवर जाता जाता काहीतरी बोलली. मी हो म्हटलं. ती परत फिरून तेच बोलली. मी पुन्हा हो म्हटलं. तेवढ्यात मीटिंगमध्ये कोणी काही विचारलं, तिथेही हो म्हटलं. कशाला, ते आजही सांगता येणार नाही. आपल्यात याला एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात. मी कार्यक्षमता म्हणायचो.

दिवाळी झाली. आईने वाशाकडे पाहिलं, तर माळ नाही. तिने मला विचारलं. स्क्रीनवरची नजर न काढता मी म्हणालो, तूच कुठेतरी ठेवली असशील, हल्ली विसरतेस. बिचारीला ते खरं वाटलं. दोन दिवस ती पोटमाळा, गोठा, खाटेखाली शोधत राहिली.

तिसऱ्या दिवशी फोनमध्ये दुसरंच काही शोधताना मला मीच ग्रुपवर टाकलेला जुना फोटो सापडला. लाल कापडाची माळ, आणि खाली मी लिहिलेलं: घरची खास माळ. कापडामुळे फोटो उठून दिसतो, एवढंच मला तेव्हा सुचलं होतं. त्याखाली त्या बाईंचं उत्तर होतं, इतका गोड कांदा कधी खाल्ला नव्हता.

फोटो आईपुढे धरताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने तो बराच वेळ पाहिला.

"लाल कापडाची काढू नको, मी दोनदा सांगलं व्हतं," ती म्हणाली. "दोनदा तू व्हय बोललास."

मग टोपली घेऊन ती शेजारी गेली, बियाण्याचे कांदे मागायला. शेजारणीने हात आखडला नाही. पण आई परतली ती टोपली पदराखाली झाकून. ते मी खिडकीतून पाहिलं.

यंदा ती माळ विणायला बसली तेव्हा मी फोन बंद करून समोर जाऊन बसलो. म्हटलं, सांग, कुठली ठेवायची, मी टांगतो.

"ऱ्हाऊ दे. तुजा काम कर," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. माळ उचलून ती आपल्या खोलीत गेली. आता बियाण्याचा कांदा तिच्या खाटेच्या वर, डोक्याशी टांगलेला असतो.