ओळखल्याशिवाय खाऊ नाही

गेल्या मंगळवारी दुपारी जळगावच्या आमच्या घरात दोघीच होतो, मी आणि आई. निदान मला तरी तसंच वाटत होतं...

आईला डिमेन्शिया आहे. मला ती 'बाई' म्हणते, तेही मूड असला तर. त्यात चार दिवस तिने जेवणच सोडलेलं, घास दिसला की तोंड घट्ट. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

एका मैत्रिणीने सुचवलं, त्यांच्या लहानपणची गाणी लावून बघ. म्हणून पारोळ्याच्या माझ्या मामींकडून गुलाबाईची, म्हणजे आमच्या खानदेशातल्या भोंडल्याची, गाणी मागवली, त्यांनी स्वतःच्या आवाजात व्हॉट्सअॅपवर पाठवली. आई ठेका धरायची, गुणगुणायची... पण चमचा पुढे केला की पुन्हा तेच.

मंगळवारी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गुलाबाईची गाणी संपली की खाऊचा डबा बंदच असतो, मुलींनी ओळखल्याशिवाय तो उघडत नाहीत. आणि मी शहाणी उघडी वाटी नाचवत होते!

शिकरण केलं, स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं. गाणी संपल्यावर डबा हलवून विचारलं, ओळखा बरं काय आहे.

आई बाजूला सरकली, पलंगावर जागा केली. "कुसुम, आठे बस." मग त्या रिकाम्या जागेकडे कान देऊन बसली, मान डोलावली. माझ्याकडे बघून म्हणाली, "शिकरण शे. कुसुम सांगी ऱ्हायनी."

कुसुम सांगतेय? खोलीत तर आम्ही दोघीच होतो. तरी झाकण उघडलं... आईने सगळं शिकरण संपवलं.

नवरा म्हणाला, केळ्याचा वास आला असेल. असेल बाबा. पण कुसुम कोण? मामींना फोन करून विचारलं. कुसुम म्हणजे आईची थोरली बहीण, नवव्या वर्षी तापाने गेली. घरात तिचं नाव कुणी काढत नसे. पण खाऊ ओळखण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं म्हणे...

आता रोज दोन्ही वेळा गाणी लागतात, डबा बंद असतो आणि आई जेवते. नळीचं नाव परत निघालेलं नाही. पलंगावरच्या त्या जागेवर मी बसत नाही.

कुसुममावशी, तू नऊ वर्षांची आणि मी बावन्नची, तरी खरं सांगते... मला तुझी भीती वाटते. पण जेवायच्या वेळेला येत जा.