मामाचे नव्वद ठोके

आमच्या मामाने अडतीस वर्षं उभ्याने काढली. दोन खुर्च्यांचं सलून होतं त्याचं. गिऱ्हाईक खुर्चीत, हा पायावर आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. मला म्हणायचा, "तुझ्या डोक्यावर काम करायचं म्हणजे आधी केस शोधावे लागतात."

मी हॉस्पिटलात पेसमेकर तपासतो. कामात माझा खाक्या कडक. फाइल न उघडता कुणी पेशंटला हात लावला, तर मी त्याची बिनपाण्याने करतो, मग तो कुणी का असेना.

मामाचं हृदय आधीच दुबळं, त्यात ठोके सैरभैर धावायला लागले. औषधांनी भागेना, तेव्हा डॉक्टरांनी हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा खालच्यांशी असलेला संबंध तोडला आणि ठोके पेसमेकरच्या हवाली केले. अशा माणसाला आमच्याकडे पहिला महिनाभर मिनिटाला नव्वद ठोक्यांवर ठेवतात, सुरुवातीचा धोका टळावा म्हणून. मग खाली आणतात. फाइलमध्ये तसं लिहिलेलंच होतं, महिन्याने सत्तर करणे. अक्षर माझंच.

महिन्याने मामा आला. बाहेर ही भलीमोठी रांग. म्हटलं, घरच्या माणसाला कशाला ताटकळत ठेवायचं? दोन पेशंटांच्या मध्ये त्याला आत घेतलं. फाइल मागवली नाही. बॅटरी बघितली, तारा बघितल्या, सगळं झकास. नव्वदचा आकडा पडद्यावर होता, मी तो पाहिलाही. पण मामा कुणाच्या तरी अर्ध्याच कापलेल्या मिशीची गोष्ट सांगत होता आणि मी खो खो हसत होतो. "सहा महिन्यांनी ये," म्हटलं.

पुढे मामाला धाप लागायला लागली. पाय सुजले. त्याने मला विचारलं, तर मी सांगितलं, "वय झालं मामा, आता जरा बस." त्याला माझं सगळं पटायचं, हीच तर पंचाईत. कात्री चालवतानाही दम लागतो म्हणून त्याने सलून दुसऱ्याला देऊन टाकलं. मामी सांगायची, दिवसभर खिडकीशी बसतो, कुणाशी धड बोलत नाही.

सहा महिन्यांनी फाइल उघडली, तर माझ्याच अक्षरात सत्तर आणि पडद्यावर अजून नव्वद. डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "अरे, त्या दुबळ्या हृदयाला दोन ठोक्यांच्या मध्ये रक्ताने भरायला वेळच मिळत नव्हता. सत्तर कर आधी." करायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

तीन आठवड्यांनी मामा दोन जिने चढून आमच्या घरी आला. "भाच्या, तुझ्या हाताला गुण आहे," म्हणाला, तेही माझ्या बायकोसमोर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसलो असतो तर कुणाला पत्ता लागला नसता. पण त्याची ती शाबासकी मला सहन होईना. मी सगळं सांगून टाकलं, न मागवलेल्या फाइलपासून ते वय झालं म्हणून ठोकून दिलं तिथपर्यंत.

मामा चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो आपल्या हातांकडे बघत राहिला. मग हळूच विचारलं, "म्हणजे मी म्हातारा झालो नव्हतो?"

"नव्हतास, मामा."

"मग सलून कशाला देऊन टाकलं मी?"