असोसिएशनचं कुलूप

सोमवारची दुपार आली की ते प्रकरण अजूनही डोळ्यांसमोर उभं राहतं. पोलिसाच्या नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. त्यातले बरेचसे विसरलोही. हे मात्र विसरता येत नाही, कारण यात सराईत गुन्हेगार एकही नव्हता. सगळी तुमच्याआमच्यासारखी, सकाळी गल्ल्याला नमस्कार करून धंद्याला बसणारी माणसं होती. नावं कुणाचीच सांगणार नाही. सांगून आता उपयोगही नाही.

नगर शहर भिंगारच्या बाजूला वाढत गेलं तेव्हाची गोष्ट. जिथे बाजरी व्हायची तिथे प्लॉट पडले, कॉलन्या झाल्या, आणि मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानं उभी राहिली. सुरुवातीला तिथे ना दिवे, ना गटार. दुकानदारांनी व्यापारी असोसिएशन काढली आणि सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून एकेक गोष्ट मिळवली. पथदिवे आले, शहर बस थांबू लागली, कॅमेरे लागले. आमच्या चौकीतले पंखेसुद्धा त्यांनीच दिलेले. उगाच कशाला खोटं बोलू, मला त्या लोकांचं कौतुक होतं. बंदोबस्ताला माणसं कमी पडली तर अध्यक्षांना एक फोन केला की वीस पोरं उभी राहायची.

असोसिएशनचा एक नियम होता. सोमवारी सगळा बाजार बंद. एकाने उघडं ठेवून दुसऱ्याचं गिऱ्हाईक पळवायचं नाही, हा त्यामागचा हिशोब. नियम वाईट नव्हता. आठवड्यातला एक दिवस तरी बायकापोरांसोबत जेवायला मिळतो म्हणून खुद्द दुकानदारच तो उचलून धरायचे.

त्या रांगेत एका बाईचं शाळेच्या गणवेशांचं छोटं दुकान होतं. मूळची पाथर्डी तालुक्यातली. आईबापांनी राहुरीकडे, देवळाली प्रवराच्या फडात ऊसतोड करून पोरीला शिवणकाम शिकवलं, तिच्या हातात कोयता येऊ नये म्हणून. नवऱ्याने सोडलेली. कॉलनीत एक खोली घेऊन म्हातारी आई आणि चार वर्षांची मुलगी यांच्यासोबत राहायची. गाळा मिळवून दिला होता शेजारच्या इलेक्ट्रिक दुकानवाल्याने, तो असोसिएशनचा सेक्रेटरी. तिला बहीण मानायचा, दिवाळीला पोरीला फ्रॉक घ्यायचा.

शाळा उघडायच्या आधीचा सोमवार होता. दुपारी ठाण्यात फोन आला, गणवेशाच्या दुकानाला आग. आम्ही पोहोचलो तेव्हा अग्निशमन दलाने आग विझवली होती. शटर वर गेलेलं होतं. बाई शटरच्या अगदी आतल्या बाजूला पडलेली होती. सेक्रेटरीचे दोन्ही हात भाजले होते. शटर त्यानेच वर केलं, असं सगळे सांगत होते, आणि तो फुटपाथवर बसून लहान मुलासारखा रडत होता.

अकस्मात मृत्यूची नोंद घेतली. विद्युत निरीक्षकांचा अहवाल आला, बोर्डात शॉर्टसर्किट. पण अहवालाच्या आधीच बाजाराने आपला निकाल लावून टाकला होता. नवऱ्याने टाकलेली बाई, जिवाला कंटाळलेली, शटर ओढून घेतलं आणि पेटवून घेतलं. ज्याला विचारावं तो हेच सांगायचा, आणि तेही हळहळून.

तिची आई तिसऱ्या दिवशी ठाण्यात आली. रडली नाही. ठाणे अंमलदाराने पाणी दिलं, तेही घेतलं नाही. मला म्हणाली, "साहेब, माझी लेक पेटवून घेनारी न्हवती. सकाळी पोरीच्या येन्या घालून गेल्ती. दुपारी जेवाया येते म्हनली. आता बाजार काय बी बोलतो. उंद्या पोरीला कळंल, आई आपल्याला टाकून मेली. तेवढं पोरीच्या कपाळी नगा येऊ देऊ."

पैसा मागितला नाही, कुणाला फाशी मागितली नाही. तेवढंच मागितलं. मी म्हणालो, बघतो. पोलीस दिवसातून कितीदा तरी 'बघतो' म्हणतात. त्या दिवशी मात्र मी ते मनापासून म्हणालो होतो.

त्याच आठवड्यात अध्यक्ष चौकीत आले. सेक्रेटरीने जिवावर उदार होऊन बाईला वाचवायचा प्रयत्न केला, त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरलाय, तो तुमच्या हस्ते हवा. मी सहज विचारलं, शटर उघडायला एवढा वेळ का लागला? अध्यक्ष म्हणाले, उष्णतेने अडकलं असणार. बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, वरच्या पंख्याकडे पाहिलं. जबाब घेण्यात हयात गेली की एवढं पुरतं. मी सत्कार लांबणीवर टाकला आणि पुन्हा घटनास्थळी गेलो.

बाईची स्वतःची दोन्ही कुलपं आत, टेबलावर सापडली होती, किल्ल्यांसकट. म्हणजे सोमवारी काम करताना कुणाला दिसू नये म्हणून तिने नुसतं शटर खाली ओढलं होतं. बाहेरून पाहिलं. शटरच्या तळाला दोन्ही टोकांना कडी-कोयंडा असतो. धूर खालच्या फटीतून बाहेर आला होता, त्यामुळे डावा कोयंडा काजळीने काळाकुट्ट झाला होता. उजव्या कोयंड्यावर मात्र मधोमध एक पट्टा स्वच्छ होता. आग लागली तेव्हा तिथे काहीतरी अडकवलेलं होतं आणि नंतर ते निघालं. कोयंडा वाकलेला नव्हता, कडीवर हातोड्याचा घाव नव्हता. ते तोडलेलं नव्हतं, किल्लीने उघडलेलं होतं.

बाजारात विचारलं. एकजात सगळ्यांनी कानावर हात ठेवले. कॅमेरे? सोमवार म्हणून बंद होते म्हणे. शेवटी कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडवरचा एक रिक्षावाला आमच्या हवालदाराशी बोलला. रिक्षावाल्याला कसला आलाय सोमवार! मी त्याला शहरात बोलावून घेतलं, बाजारापासून लांब.

"शटर आतून वाजत हुतं साहेब," तो म्हणाला. "लई वाजत हुतं. मान्सं जमली हुती की. पर असोसिएशनचं कुलूप हुतं ना त्याच्यावर."

मग कळलं ते असं. सोमवार मोडणाऱ्याला आधी दंड होता. दंडाला कुणी जुमानेना, तेव्हा असोसिएशनने नवी पद्धत काढली. सोमवारी सेक्रेटरीने फेरी मारायची, आणि जो सापडेल त्याच्या शटरला असोसिएशनचं कुलूप घालायचं. माफी मागितली की उघडायचं. किल्ली सेक्रेटरीकडे. लिहिलेलं कुठेच नव्हतं, पण बाजारातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त पोलिसांना.

जमलेल्या दुकानदारांचे मोबाईलचे कॉल तपशील मागवले. ते हातात आले तेव्हा मी वाचता वाचता खुर्चीत मागे टेकलो. धूर दिसल्यावर या लोकांनी पहिला फोन अग्निशमन दलाला केला नव्हता, आम्हालाही नाही. एकामागून एक सगळ्यांनी सेक्रेटरीला फोन केला होता. तो जेवून घरी झोपलेला. समोर बाई आतून शटर बडवतेय, आणि ही भली माणसं किल्लीची वाट बघत उभी होती. त्यातल्या एकाचं हार्डवेअरचं दुकान होतं हो! घणाच्या दोन घावांत ते कुलूप तुटलं असतं. पण असोसिएशनचं कुलूप तोडायचं कुणी? तशी कुणाला सवयच राहिली नव्हती.

सेक्रेटरीला चौकशीला बोलावलं. हाताला पट्ट्या होत्या. मी आवाज चढवला नाही, कॉल तपशिलाचे कागद फक्त समोर ठेवले आणि कोयंड्याचा फोटो. त्याने फोटो पाहिला आणि तो कोसळलाच.

मी एकच प्रश्न विचारला. कुलूप घातलंत तेव्हा ती आत आहे हे माहीत होतं का?

तो म्हणाला, "मशीन चालू होतं साहेब. मला ऐकू येत होतं. म्हटलं, बसू दे दोन तास आत, म्हणजे पुन्हा नियम मोडायची नाही. माझ्या बहिणीलाच सूट दिली असं लोकांनी म्हणायला नको, म्हणून घातलं."

कुलूप कुठे आहे विचारलं. नव्या गटाराच्या खोदाईत टाकलं म्हणाला. त्या गटारात दुसऱ्या दिवशी काँक्रीट ओतलं गेलं होतं. असोसिएशनने वर्षानुवर्षे पाठपुरावा करून मिळवलेलं ते गटार. खोदायची परवानगी मागितली तर 'विकासकामाची तोडफोड' म्हणून बाजार बंद ठेवून मोर्चा निघाला, अध्यक्ष सगळ्यांत पुढे. थोडाच भाग फोडायला मिळाला. कुलूप सापडलं नाही.

सदोष मनुष्यवधाचं दोषारोपपत्र मी दाखल केलं. पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, हे मला माहीत होतं. मला साक्षीदारांची आशा होती. एवढे लोक होते, एखादा तरी बोलेल. एकही बोलला नाही. कुणी कुलूप पाहिलंच नव्हतं. सेक्रेटरीला फोन का केला? तो इलेक्ट्रिकची कामं करतो, मेन स्विच बंद करायला. कोयंड्यावरचा पट्टा? पाण्याच्या फवाऱ्यानेही काजळी जाते, तज्ज्ञ म्हणाले. रिक्षावाला पिंजऱ्यात उभा राहिला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि फितूर झाला. त्याचा तरी काय दोष, स्टँड असोसिएशनच्या दारातच होता. सेक्रेटरी निर्दोष सुटला. निकालपत्रात लिहिलं गेलं की बाहेरून कुलूप असल्याचं सिद्ध होत नाही, आणि मृत महिलेने स्वतः शटर बंद केल्याची शक्यता नाकारता येत नाही.

बाजाराला एवढंच हवं होतं. 'कोर्टानेच सांगितलं,' असं म्हणायला सगळे मोकळे झाले.

म्हातारी त्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसली. तिला निकाल समजावून सांगितला. ती म्हणाली, "तुमाला खरं ठावं हाय ना? मग पोरगी मोठी झाली की तिला तुमी सांगा. माझं ऐकंल, पर तिला वाटंल आजी मायेपायी बोलती." मी शब्द दिला.

पुढे बदल्या झाल्या, निवृत्त झालो. एकट्या गुन्हेगाराचं खोटं फोडायला मला कधी अवघड गेलं नाही, माणूस कुठेतरी चुकतोच. पण एक अख्खा बाजार, चांगल्या माणसांचा, लाजेपोटी एकच खोटं बोलायला लागला, तर त्याच्यापुढे पोलीस, वकील, कोर्ट सगळे तोकडे पडतात. हे मी या प्रकरणात शिकलो. शिकून माझा काही फायदा झाला नाही. त्या असोसिएशनची आता स्वतःची इमारत आहे. सेक्रेटरी दुकान विकून निघून गेला, कुठे ते मी विचारलं नाही.

गेल्या वर्षी ती मुलगी माझ्या घरी आली. पंधरा वर्षांची, आईसारखीच उंच. आजी वारली म्हणाली. मरायच्या आधी आजीने माझा पत्ता देऊन ठेवला होता. मी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. कुलूप, कोयंडा, फोन, मशीनचा आवाज. तुझ्या आईने तुला टाकलं नाही, ती दारापर्यंत आली होती, तुझ्याकडे यायला.

माझं संपल्यावर ती शांतपणे म्हणाली, "काका, आजीसुद्धा असंच सांगायची. तुम्ही तिला शब्द दिला होता, म्हणून तुम्हीपण सांगताय. मी निकाल वाचलाय. आईने केलं ते केलं, मी आता त्याची सवय करून घेतलीय."

मी म्हणालो, बाळा, खरं सांगतोय.

"असेल," ती म्हणाली, आणि वाकून नमस्कार करून निघाली. मी दारापर्यंत गेलो. तिला दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.