दार लोटून घेतलेली मुलाखत

इकडे ये वं, जवळ बस. नुसती मान हलवू नको, तुझी ही सवय मला मुळीच आवडत नाही. तूही आता बायांच्या वर्गावर शिकवणार, शिकवता शिकवता संशोधन करणार म्हणतेस, म्हणून सांगते.

वस्तीच्या समाजमंदिरात दुपारी मी बायांना लिहा-वाचायला शिकवते. तिथे प्रशिक्षणाच्या मॅडम आल्या. म्हणाल्या, आपल्याच कामाला प्रश्न विचारा, बाया वर्ग मधेच का सोडतात ते शोधा. एकेकीशी एकांतात बोला, आणि ती जे बोलेल ते कुणाला सांगू नका. माझी शाळा लहानपणीच सुटलेली. संशोधन आपणही करू शकतो म्हटल्यावर मी हुरळूनच गेले.

पहिली निवडली मागच्या गल्लीतली एक सून. हुशार, पण सारख्या दांड्या. गेले तिच्या घरी. सासू अंगणात कुरड्या घालून राहिली होती. मी सुनेला आत नेलं आणि दार लोटलं. भर दुपारी, सासूच्या तोंडावर! आमच्या वस्तीत दिवसा दार लागत नाही. लागलंच, तर आत काहीतरी शिजतंय असंच सगळे धरून चालतात.

बाहेर आले तर सासू कमरेवर हात देऊन उभी.

"काय सांगत होती माह्याबद्दल?"

"थे नाही सांगता येत मले."

"माह्याच घरात बसून माह्यापासूनच लपवते? मंग दार काहून लावलं? मोठी आली मास्तरीण! तिले अक्षरं शिकवते का चुगल्या? उद्यापासून सून नाही येत तुह्या वर्गात."

शेजारणी जमल्याच होत्या. एक म्हणाली, "आमच्या घरी नको येजो वं बाई, आमच्या दाराले कडी नाही."

सगळ्या फिदीफिदी हसल्या.

सून आत जे बोलली, त्यातलं एक वाक्य मी अंगणात सांगितलं असतं, तर सासू तिथेच थंड झाली असती. पण मग त्या पोरीने पुन्हा कुणापुढे तोंड उघडलं असतं का? तुलाही नाही सांगणार, विचारू नको.

मॅडमना हे सांगितलं, तर म्हणतात, "छान! हे निरीक्षणात लिहा." माझं डोकंच फिरलं. "एका पोरीचं शिकणं सुटलं, अन् तुम्हाला छान वाटून राहिलं? या ना वस्तीत, खा शिव्या!"

"तुम्ही फार भावनिक होता."

"होते. पुढे?"

तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतंच.

आता मी अंगणातच बसते, दार उघडं, आणि पहिला प्रश्न सासूला. बाकीच्या घरांत चाललं हे. ती सासू मात्र मला पाहिलं की तोंड फिरवते. तरी तिच्या ओट्यावर मी जाऊन बसतेच. परवा म्हणाली, "पाणी पी अन् नीघ." सून खिडकीतून पाहून राहिली होती.

माझं तर ती बाई ऐकून घेत नाही. तुझ्यावर तिचा अजून काही राग नाही. लवकर वर्गावर ये वं पोरी. दोघी मिळून जाऊ तिच्या अंगणात.