बुडवलेली सावड

‘तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.’ हे वाक्य ज्या कुणी लिहिलं असेल, तो मला एकदा राहुरीच्या बाजारात भेटावा, एवढीच माझी इच्छा आहे. मोल म्हणजे काय असतं ते मी त्याला भर चौकात समजावून सांगेन. घरात मला भांडखोर म्हणतात. म्हणू देत. न भांडणाऱ्यांच्या पदरात काय पडतं तेही मी बघितलंय.

गोष्ट सुरू झाली माझ्या सासूच्या दातांपासून. आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणतो. त्यांचे वरचे-खालचे सगळे दात गेले, काही मिश्री लावून लावून गेले, उरलेले डॉक्टरांनी काढले. तेव्हापासून दुधात भाकरी कुस्करायची, ती मऊ होईस्तोवर बसून राहायचं आणि मग गिळायची. ज्या बाईनं आयुष्यभर चुलीवरची कडक भाकरी कांद्याबरोबर खाल्ली, ती दोन्ही वेळा असा लगदा खाताना बघवत नाही. राहुरीचे दातांचे डॉक्टर म्हणाले, कवळी छान बसेल, पण अर्धे पैसे आगाऊ द्या, मग माप घेतो. माझा नवरा म्हणाला, साठवणीच्या चाळीतला कांदा विकला की बघू. तर आत्याबाईच म्हणाल्या, शेताचा पैसा शेतात घाला, म्हातारीच्या तोंडात कशाला घालता. झालं. पुरुषांपुरता विषय तिथं मिटला.

माझ्यापुरता नाही मिटला. मी आणि माझी धाकटी जाऊ, आम्ही दोघींनी ठरवलं की कवळीचे आगाऊ पैसे आपण आणायचे, आपल्या कमाईतून. आता आम्ही कमावणार कुठून? घरच्याच शेतात राबणाऱ्या बाईला रोज कोण देतो! आणि नेमकी तेव्हाच मोबाईलवर ती जाहिरात आली. घरबसल्या प्रश्नांची उत्तरं द्या, पैसे मिळवा. मराठीतही सोय होती. मी बारावी झालेली आहे, वाचायला-लिहायला कुणाला घाबरत नाही. म्हटलं, उत्तरं देण्यात आपला हात कोण धरणार? लग्न होऊन आल्यापासून उत्तरंच देतेय.

खातं उघडलं. प्रश्न सुटले की गुण मिळायचे आणि गुण एका आकड्यापर्यंत गेले की त्यांचे पैसे बँकेत यायचे. तो आकडा बघून जाऊ हरखली, कारण तेवढ्यात कवळीचं आगाऊ जवळजवळ भागत होतं. मराठी मात्र असली होती की विचारू नका. ‘आपण आपल्या घरातील प्राथमिक निर्णयकर्ता आहात काय?’ यावर आम्ही दोघी जावा ओसरीत बसून किती वेळ वाद घालत होतो. घरात साखर कुठली आणायची ते मी ठरवते, पण साखर आणायची की नाही ते नवरा ठरवतो, आणि चहात किती घालायची ते आत्याबाई. मग निर्णयकर्ता कोण? शेवटी खरं तेच लिहिलं. आम्हाला वाटायचं, समोर कुणीतरी शिकलेलं माणूस बसलंय, जनगणनेला गुरुजी येतात तसं, आणि आपण खोटं सांगितलं तर त्याचा कागद चुकेल.

पहिला झटका लवकरच बसला. घरात किती माणसं, काय खाता, काय पिता, अंगाला साबण कुठला, दुखलं-खुपलं तर कुठं जाता, सगळं विचारून घेतलं आणि शेवटाला पडद्यावर आलं, ‘क्षमस्व, आपण या सर्वेक्षणासाठी पात्र नाही.’ गुण शून्य. अरे, पात्र नव्हते तर आधी सांगायचं होतं! मुलगी बघायला आलेली मंडळी पोहे खातात, चहा ढोसतात, मुलीला चालून दाखव म्हणतात, आणि घरी जाऊन निरोप धाडतात, योग नाही. तसलाच प्रकार. फरक एवढाच, की ती मंडळी निदान दारात येतात, तोंड तरी दिसतं.

तरी मी सोडलं नाही. पाचातला एखादा सर्व्हे पूर्ण व्हायचा, थोडे गुण पडायचे, गाडी मुंगीच्या पावलानं चालली होती.

मग एक दिवस दातांचा सर्व्हे आला. खरंच सांगते, दातांचाच. तोंडाची निगा, टूथपेस्ट, ब्रश. आत्याबाई शेजारीच लसूण सोलत होत्या. मी म्हटलं, आत्याबाई, हे दातांचं विचारतायत, तुम्हीच सांगा. त्यांनी लसूण बाजूला ठेवला, पदर सावरला आणि नीट मांडी घालून बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना कुणी काही विचारायला आलं नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं, मिश्री कधी सोडली, पहिला दात कुठं पडला, दाढ दुखायची तेव्हा लवंग कशी धरायची. चावताना त्रास होतो का, असा प्रश्न आला तेव्हा म्हणाल्या, त्रास व्हायला चावाया तर यावं. तसा काही पर्याय त्या यादीत नव्हता. मी ‘खूप जास्त’वर बोट ठेवलं. पुढे विचारलं होतं की सध्या तोंडात किती दात आहेत. मी शून्य टाकलं.

‘क्षमस्व, आपण या सर्वेक्षणासाठी पात्र नाही.’

आत्याबाईंनी विचारलं, काय म्हणतेत? जावेनं वाचून दाखवलं.

“म्हंजी दात न्हाईत म्हनून?” आत्याबाई म्हणाल्या.

आणि बोळकं उघडून हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. मला तो मोबाईल उचलून चुलीत घालावासा वाटत होता. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपल्याकडे उगाच नाही. पण ज्याच्याकडे दात नाहीत त्याला दातांविषयी बोलायचाही हक्क नाही, हे मला त्या दिवशी नवीनच कळलं.

ही गोष्ट जावेनं मळ्यातल्या बायकांना सांगितली. आमच्याकडे कांद्याच्या खुरपणीला बायका सावड करतात. म्हणजे आज सगळ्या मिळून माझ्या वावरात, उद्या तिच्या, परवा आणखी कुणाच्या. पैसा कुणी कुणाला द्यायचा नाही, फक्त आलेल्या बाईच्या वावरात आपण जायचं. एकटीनं खुरपायला बसलं तर गवत कांद्याच्या पुढं जातं, सगळ्या बसल्या की एका दिवसात वाफे मोकळे. तर बायका म्हणाल्या, मग याचीबी सावड करू की. आधी तुझं खातं भरू, आत्याबाईंची कवळी होऊ दे. मग शेजारणीचं, मग पुढचीचं. मला तर ही कल्पना इतकी पसंत पडली की मी सगळ्यांना चहा केला.

दुपारची खुरपणी झाली की सगळ्या आमच्या ओसरीत जमायच्या. माझा मोबाईल हातोहात फिरायचा. माझी जाऊ शिंगणापूरच्या बाजूची, दाराला कडी नसलेल्या घरात वाढलेली. पासवर्ड ही भानगडच तिला पटेना. घरच्या बायकांपासून काय लपवायचं, म्हणून तिनं तो खडूनं भिंतीवर लिहून टाकला, कोणत्याही बाईला लागला तर असावा. ज्या बाईची पाळी असेल ती आपापलं उत्तर द्यायची, आणि अगदी खरं द्यायची. खोटं बोलायचं कारणच नव्हतं. एकीला चार पोरं, तिनं चार सांगितली. दुसरीचा नवरा वारलेला, तिनं विधवा सांगितलं. तिसरीचं किराणा दुकान, तिनं धंदा सांगितला. त्यामुळे माझ्या नावावर मी एका आठवड्यात विधवा झाले आणि पुन्हा सवाष्णही झाले, पोरं वाढली आणि कमी झाली, वय तर वर-खाली नुसतं. आम्हाला त्यात काही वावगं दिसलंच नाही. वावर माझं आहे, पण खुरपणारा हात ज्याचा त्याचाच असणार ना!

गुण भराभर वाढले. आकडा गाठला त्या दुपारी ओसरीत सगळ्या होत्या. आत्याबाई मध्ये बसल्या होत्या आणि कवळी आली की पहिलं काय खाणार याची चर्चा रंगली होती. कुणी म्हणालं शेंगदाणे, कुणी म्हणालं भाजलेलं कणीस. आत्याबाई म्हणाल्या, मला आपली भाकरी आन कच्चा कांदा. मी ‘पैसे काढा’वर बोट दाबलं.

खातं बंद. एकाच खात्यावर परस्परविरोधी माहिती आढळली, सबब जमा गुण रद्द करण्यात येत आहेत.

मी पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. इतके दिवस माहिती परस्परविरोधी दिसली नाही का यांना? उत्तरं घेताना बरी गोड लागली! विधवा बाईचं उत्तर घेतलं, दुकानवालीचं घेतलं, सगळ्यांची पोटातली माहिती काढून घेतली, आणि पैसे द्यायची वेळ आली तेव्हा यांना अक्कल आली. आणि वर आम्हाला खोटारड्या ठरवलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. त्या ओसरीत एक अक्षर कुणी खोटं बोललं नव्हतं, हे मी आजही कुणाच्याही देवळात सांगायला तयार आहे.

कुणी म्हणेल, नियम मोडला तुम्ही. बरं, मोडला. म्हणून जावेनं स्वतःच्या नावानं नवीन खातं उघडलं आणि एकटीनं भरलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. एकच वय, एकच नवरा, दोनच पोरं. दिवाळीच्या आधीपासून बसली होती, कांदा काढणीला आला तेव्हा तिचे गुण पुरे झाले. तिनं पैसे मागितले तर आलं, ‘तपासणी सुरू आहे.’ ती तपासणी अजून सुरूच आहे. तक्रार लिहिली तर उत्तर आलं की आपली तक्रार मिळाली, धन्यवाद, आणि खाली विचारलं होतं, आमची सेवा आपणास कशी वाटली, कृपया मत नोंदवा. मी जे मत नोंदवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मराठीत लिहिलं होतं, त्यांच्या त्या मराठीत नाही, आमच्या.

मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? फसवणारा सावकार असो, व्यापारी असो, त्याच्या ओट्यावर जाऊन बसता येतं. त्याच्या बायकोला चार बायका मिळून सांगू शकतात की तुझ्या माणसानं असं केलंय. इथं कुणाच्या ओट्यावर जायचं? बोलाचीच कढी, बोलाचाच भात, आणि जेवून उठलेला मात्र तो.

माझं खातं बंद झालं त्याच दुपारी बायकांनी आम्हाला समजावलं होतं. जाऊ दे गं, दुपारी बसून गप्पाच तर मारल्या. तुझी सावड आमच्यावर न्हाई आन आमची तुझ्यावर न्हाई, असं किराणावाली बोलून गेली. मीही मान हलवली. मला तेवढंच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई घरात दिसेनात. गोठ्यात बघितलं, विहिरीकडं बघितलं. जाऊ धावत आली आणि म्हणाली, आत्याबाई किराणावालीच्या वावरात हायत. मी चपला घालून पळतच गेले. तर त्या वाफ्यात बसून खुरपत होत्या. या वयात, वाकलेल्या कमरेनं. किराणावाली बिचारी शेजारी हात जोडून उभी, आत्याबाई उठा म्हणत होती. माझा पारा चढला. मी म्हटलं, त्यांनी सावड माफ केलीय, तुम्ही का आलात?

“त्या माझ्या तोंडासाठी बसल्या हुत्या,” आत्याबाई म्हणाल्या. “सावड माझी हाय.”

शिव्या द्यायच्या होत्या, पण द्यायच्या कुणाला? मग मीही खुरपं घेतलं. जाऊही आली. एकेका बाईच्या वावरात आम्ही तिघी गेलो, ज्या ज्या बाईनं माझ्या मोबाईलवर बोट ठेवलं होतं तिच्या तिच्या. ज्याचं फळ तिसऱ्यानंच खाल्लं त्या कामाची फेड आम्ही करत होतो, आणि प्रत्येक वाफ्यागणिक माझा राग वाढत होता.

शेवटचं वावर त्या विधवा बाईचं होतं. दुपारी बांधावर भाकरी सोडली. तिनं बुक्की मारून कांदा फोडला आणि सगळ्यांना वाटला. सवयीनं आत्याबाईंच्याही हातावर एक पाकळी ठेवली. आत्याबाईंनी ती तोंडात घातली, या गालातून त्या गालात फिरवली, चोखली. मग हळूच काढली आणि शेळीपुढं टाकली. शेळीनं कराकरा खाल्ली. आम्ही सगळ्या दुसरीकडं बघत होतो.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. दुसऱ्याच कुठल्याशा साईटचा निरोप होता. आपल्या खाण्याच्या सवयींबद्दल फक्त पाच मिनिटं द्या, आपलं मत मोलाचं आहे. आत्याबाईंनी विचारलं, कोन हाय? मी म्हटलं, तेच. तुम्ही काय खाता ते विचारतायत.

“सांग त्यास्नी,” आत्याबाई म्हणाल्या, “आदी मागली सावड फेडा म्हनावं.”

आणि पदरानं तोंड पुसून त्या पुढच्या वाफ्यात जाऊन बसल्या.