मी न काढलेली डिस्क

"पुन्हा म्हण," साहेब म्हणाले.

"डिस्क."

"मघाशी काय म्हणालीस?"

"डिस्का."

सगळा हॉल हसला. रोह्याच्या कंपनीतला ट्रेनिंग हॉल. मी उभी, बाकीचे बसलेले. पडद्यावर शब्दांची यादी होती. रेड, पॅरिटी, हॉट स्पेअर, रिबिल्ड. कंपनीची सगळी माहिती ज्या डिस्कांच्या कपाटात साठवतात, त्या कपाटाचे हे शब्द. रेड म्हणजे काय, असं साहेबांनी विचारलं होतं. मी हात वर केला आणि सांगितलं, "लय डिस्का एकत्र बांधायच्या, म्हंजे एक गेली तरी माहिती जात नाय."

उत्तर बरोबर होतं. ते कुणी ऐकलंच नाही. साहेबांनी माझ्याकडून दहा वेळा 'डिस्क' म्हणवून घेतलं. बोटांवर मोजत. मग बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "मीठ वाहणाऱ्यांच्या तोंडात हे शब्द बसायला अजून दोन पिढ्या जातील."

पुन्हा हसले सगळे. मीही हसले. त्यांच्या हसण्याचं आता काही वाटत नाही. माझं खुपतं.

आमचं गाव कासूच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला. बाबा मिठागरात. आईनं डोक्यावर मीठ वाहिलं, तिच्या टाचांच्या भेगा कधी बुजल्याच नाहीत. मी पेणला कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि कंत्राटावर या कंपनीत लागले. काम एवढंच, की रोज सकाळी सर्व्हर रूममध्ये फेरी मारायची, दिवे बघायचे, रजिस्टरात लिहायचं. शिकवलं कुणी नाही. कपाटाबरोबर आलेलं जाडं पुस्तक खोक्यात पडून होतं, ते मी घरी नेलं. डिक्शनरी घेऊन एकेक शब्द सोडवला आणि वहीत माझ्या भाषेत लिहिला. हॉट स्पेअर, म्हणजे कामाला तयार बसलेली जादा डिस्क. रिबिल्ड, म्हणजे मेलेल्या डिस्कवरचं सगळं त्या जादा डिस्कवर पुन्हा उभं करणं. रिबिल्ड चालू असताना दुसरी डिस्क गेली, तर सगळंच गेलं. ह्या वाक्याखाली मी दोन रेघा मारल्या होत्या.

साहेबांना हे कधी कळलं नाही. पुण्याला वाढलेले, घरात तीन पिढ्या प्रोफेसर. ते स्वतःच सांगायचे.

ट्रेनिंगनंतर महिनाभरानं सकाळी कपाटावर पिवळा दिवा दिसला. स्क्रीनवर होतं, पाच नंबरची डिस्क बंद, रिबिल्ड चालू. मी रजिस्टरात लिहिलं: 'खण नंबर ५, म्हणजे डावीकडून सहावा, बंद. मोजणी शून्यापासून आहे. रिबिल्ड संपेपर्यंत कशालाही हात लावू नये.' साहेबांकडे नेलं. त्यांनी न वाचता सही केली. रोजच करायचे.

दहा वाजता मुंबईच्या ऑफिसातले एक मोठे अधिकारी पाहणीला आले. साहेब त्यांना घेऊन सर्व्हर रूममध्ये आले आणि दिवा बघून कपाळाला आठ्या.

"हा दिवा का पेटलाय?"

"पाच नंबर गेलीय साहेब. रिबिल्ड चालू हाय. हात नका लावू."

"तू मला सांगणार?"

त्यांनी कपाटाचं दार उघडलं. खणाखणावरचे छोटे दिवे कधीच गेले होते. त्यांनी डावीकडून मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच.

"साहेब, ती नाय. मोजणी शून्यापासून हाय. पाच म्हंजे सहावी."

"शून्यापासून तुमच्या मिठागरात मोजत असतील."

अधिकारी हसले. साहेबांनी डिस्क ओढून बाहेर काढली. चांगली, चालू डिस्क.

एका मिनिटात सगळ्या कंपनीतले स्क्रीन अडकले. जुन्या माहितीची नक्कल दुसरीकडे होती, पण मागच्या चार दिवसांच्या लॅबच्या तपासण्या कायमच्या गेल्या. लॅबमधल्या मुलींनी त्या सगळ्या पुन्हा केल्या, रविवारीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज एकदम मऊ. टेबलावर इंग्रजीत टाईप केलेला कागद. स्टोरेजच्या शब्दांचा अर्थ नीट न कळल्यामुळे मी चुकीची डिस्क काढली. खाली माझं नाव. सहीची जागा मोकळी.

"सही कर. तुला घरी बसवणार नाही, माझा शब्द. उद्या सकाळपर्यंत विचार कर."

संध्याकाळी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"कर गो सही," ती म्हणाली. "त्यांच्याशी कशाला वाकडं घेतेस?"

"आये, मी नाय काढली."

तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं उलटली नाही. मग म्हणाली, "तुज्या बाबाचा पाय कापला ना मिठागरात, तवा मालकाच्या माणसानं कागदावर माझा अंगठा घेतला. औषधाला पायजे म्हणून. त्यात लिवलं होतं, दारू पिऊन पडला."

बाबा दाराशी बसला होता. लंगडा पाय लांब करून. माझ्या बाबानं आयुष्यात दारूला हात लावलेला नाही.

"मला वाचता येत नव्हतं गो," आई म्हणाली.

पंचवीस वर्षं तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं.

सकाळी मी रजिस्टर घेऊन केबिनमध्ये गेले. मुंबईचे अधिकारीही बसले होते. आधी मी तो इंग्रजी कागद मोठ्यानं वाचला, माझ्या उच्चारात. मग रजिस्टरातलं मराठी वाचलं.

"खाली सही कुणाची हाय, साहेब?"

साहेबांनी रजिस्टर मिटलं. मी अधिकाऱ्यांकडे बघितलं.

"तुम्ही होता तिथं. डिस्क कुणी काढली?"

ते मोबाईल बघत राहिले. "हे वाढवू नका," एवढंच म्हणाले.

"मी सही करणार नाय."

मला गेटवर बसवलं, गाड्यांचे नंबर लिहायला. कपाट दुरुस्त करणाऱ्या माणसानं रिपोर्टात लिहिलं, की काढलेली डिस्क धडधाकट होती आणि स्क्रीनवर इशारा स्पष्ट होता. तो रिपोर्ट फाईलला लागला. साहेब दुसऱ्या कारखान्यात गेले, वरच्या जागेवर. निरोपाला पेढे वाटले. गेटवर माझ्याही हातावर ठेवला. मी तो टेबलावर ठेवून दिला.

चार महिन्यांनी मला परत सर्व्हर रूममध्ये घेतलं, कारण ते कपाट दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं. माफी कुणी मागितली नाही.

गेल्या महिन्यात पॅकिंगमधल्या एका बाईचा हात मशीनवर भाजला. तिच्यापुढे कागद आला. कळलं तशी मी गेले आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

"तुझं इथे काय काम?" मॅनेजरनं विचारलं.

"वाचायचं."

मी तिला ओळ न् ओळ मराठीत सांगितली. चूक तिची, असं लिहिलं होतं. तिनं ऐकलं आणि सही केली. घरी कमावतं दुसरं कुणी नाय म्हणाली. मला तिचा राग आला नाही.

पण कशावर सही केली ते तिला ठाऊक आहे. आणि मॅनेजरला ठाऊक आहे, की तिला ठाऊक आहे. पुढचा कागद निघेल तेव्हाही मी जाणार. बाहेर काढतील. दाराबाहेर उभी राहून वाचेन, मोठ्यानं.